थोरला मुलगा

मद्याने घराची धूळधाण कशी होते, याची वर्णने मराठी वाचकास नवी नाहीत. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून सुधाकराचा अधःपात व सिंधूचे सोशिक दुःख महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले. प्रेक्षक सुधाकरावर संतापतो, त्याची कीव करतो आणि सिंधूसाठी डोळे पुसतो. परंतु त्या घरात आणखी एक जीव होता. तो तान्हा होता. त्याला बोलता येत नव्हते, आणि मद्याने बेभान झालेल्या बापाच्या हातूनच त्याचा अंत झाला. ते मूल आठ-दहा वर्षांचे असते, तर त्या घरात त्याने काय काय पाहिले असते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना कोणती गोष्ट मनात दडवून नेली असती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

अशा एका मुलाची हकीकत इतिहासात नमूद आहे. त्याचे नाव लुडविग फान बेथोव्हेन. पाश्चात्य संगीतातील या थोर रचनाकाराचा जन्म १७७० साली जर्मनीतील बॉन या शहरी झाला. त्याच्या सिंफनी जगभर वाजविल्या जातात. पुढे आलेल्या बहिरेपणावर मात करून त्याने संगीतरचना केल्या, हेही पुष्कळांना ठाऊक असते. त्याच्या लहानपणीचे घर मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

बेथोव्हेन घराण्यात मद्य दोन पिढ्यांपूर्वीच शिरले होते. लुडविगचे आजोबा बॉनच्या दरबारातील संगीतप्रमुख होते. दरबाराच्या नोकरीला जोड म्हणून ते द्राक्षमद्याचा व्यापार करीत, आणि घराच्या तळघरात पिंपे भरलेली असत. त्यांची पत्नी, म्हणजे लुडविगची आजी, त्या मद्याच्या आहारी गेली. अखेरीस तिला कलोन शहरातील एका मठात ठेवावे लागले आणि तेथेच तिने उरलेले दिवस काढले. या दांपत्याचा मुलगा योहान हा लुडविगचा पिता. आईला मठात धाडावे लागते, घरात तिच्याविषयी बोलावयाचे नाही, अशा घरात तोही एकेकाळी लहान होता. योहानाविषयी पुढे जे सांगावयाचे आहे ते वाचताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

योहान हा दरबारातील गायक होता. आपला मुलगा असामान्य आहे हे त्याने ओळखले. मात्र त्या ओळखीचा उपयोग त्याने पैशासाठी करावयाचे ठरविले. १७७८ साली कलोन येथे मुलाचे वादन जाहीर करताना सात वर्षांचा लुडविग सहा वर्षांचा असल्याचे त्याने छापविले. घरी तो त्याला वाद्यापुढे बाकावर उभा करी आणि मूल रडत असतानाही वाजवावयास लावी, अशी आठवण शेजाऱ्यांनी सांगितली आहे. त्या काळी योहानाच्या घरी फायफर नावाचा एक वादक राहावयास आला होता. हे दोघे रात्री उशिरा गुत्त्यातून परतत, झोपलेल्या मुलास उठवीत आणि पहाटेपर्यंत त्याच्याकडून सराव करून घेत. सकाळी शाळेत त्या मुलाचे लक्ष नसे, कपडे गबाळे असत, तो कोणात मिसळत नसे. शिक्षकांना दिसले ते एवढेच.

१७८७ साली लुडविगची आई क्षयाने वारली. सोळा वर्षांचा लुडविग तेव्हा संगीताच्या ओढीने व्हिएन्नास गेला होता. आईच्या आजाराची बातमी येताच तो परतला. ती आपली सर्वांत जवळची मैत्रीण होती, असे त्याने नंतर एका पत्रात लिहिले. त्याच वर्षी घरातील तान्ही बहीणही गेली. मागे उरले दोन धाकटे भाऊ, एक तेरा वर्षांचा आणि दुसरा जेमतेम अकरा वर्षांचा, आणि दिवसेंदिवस अधिकच पिऊ लागलेला बाप. घरात वडीलधारे असे नावालाच कोणी होते. त्यामुळे थोरला मुलगाच घराचा कर्ता झाला. तो दरबारात ऑर्गन वाजवी, वाद्यवृंदात व्हायोला वाजवी, श्रीमंतांच्या मुलांना शिकवी आणि मिळेल त्या पैशात घर चालवी. एकदा मद्याच्या अमलात रस्त्यावर दंगा करणाऱ्या बापास शिपाई पकडू लागला, तेव्हा लुडविग चवताळून मध्ये पडला आणि त्याने बापास सोडविले. हे त्याच्या एका मित्राने डोळ्यांनी पाहिले होते. बापाचा राग येत असता, लाज वाटत असता, त्याच बापासाठी शिपायाशी झगडणे ही गोष्ट बाहेरच्या माणसास विसंगत वाटेल. तशा घरातील मुलास ती मुळीच विसंगत वाटणार नाही.

अखेर १७८९ साली, एकोणिसावे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास, लुडविगने बॉनच्या राज्यकर्त्याकडे अर्ज केला. वडिलांना नोकरीतून मोकळे करावे आणि त्यांच्या २०० थालर वेतनापैकी निम्मे भावंडांच्या पोषणासाठी आपल्या हाती द्यावे, अशी त्याची विनंती होती. ती मान्य झाली. भावांच्या शिक्षणासाठी काही धान्यही मंजूर झाले. मात्र हुकूम हाती पडल्यावर तो घेऊन खजिन्यात जाण्याची वेळ आली, तेव्हा योहानाने मुलाची विनवणी केली. हा कागद तेथे दाखविलास तर आपल्याला घर चालविता येत नाही हे गावभर होईल; तो दाखवू नकोस, मीच दर तिमाहीस तुझा वाटा तुला देत जाईन. मुलाने ते ऐकले. तीन वर्षे बापाने पैसे दिलेही. १७९२ च्या डिसेंबरात योहान वारला. तेव्हा लुडविग व्हिएन्नात होता. भावांसाठी ते वेतन पुढे चालू राहावे म्हणून त्याने शोध केला, तो मूळ हुकूमच नाहीसा झालेला! बापाने तो कधीच लंपास केला होता. नव्याने अर्ज करून लुडविगला ते वेतन पुन्हा मिळवावे लागले.

योहानाच्या मृत्यूची वार्ता ऐकून बॉनच्या राज्यकर्त्याने आपल्या एका अधिकाऱ्यास लिहिलेल्या पत्रात, आता मद्यावरील कराचे उत्पन्न घटणार, असा विनोद केला. ज्या घरात तीन मुले पोरकी झाली होती, त्या घराविषयी हा विनोद होता. मद्यप्यावर हसण्याची चाल अशी जुनी आहे, आणि गल्लीतून झोकांड्या खात जाणाऱ्या माणसास पाहून हसणाऱ्यांना त्याच्यामागून मान खाली घालून चालणारे मूल आजही बहुधा दिसत नाही.

त्या खजिन्यात न दाखविलेल्या कागदात अशा घरांचे सारे मर्म साठविलेले आहे. घरात जे चालते ते बाहेर कळू द्यावयाचे नाही, हा तेथील पहिला नियम. तो कोणी शिकवीत नाही. मूल तो आपोआप शिकते. मित्रांना घरी बोलवावयाचे नाही. सहलीचे पैसे का आणले नाहीत याचे खरे कारण सांगावयाचे नाही. प्रगतिपुस्तकावर सही हवी असेल तर सकाळची वेळ गाठावयाची. चाळीतील भिंती पातळ असतात, रात्रीचा आरडाओरडा चारही बिऱ्हाडांना ऐकू जातो. परंतु सकाळी नळावर त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. मूल समजते, कोणाला काही कळलेले नाही. शेजारी समजतात, मुलाला काही कळत नसेल. दोन्ही समजुती खोट्या असतात.

वस्तुतः अशा मुलाइतके चौकस मूल दुसरे नसते. जिन्यावरच्या पावलांवरून, कडी वाजण्याच्या ढंगावरून, एका खोकल्यावरूनही आजची रात्र कशी जाणार हे त्याला उमगते. ते कान देऊन पडून राहते. अशा मुलाला झोप कोठून यावी? दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला त्याचे डोळे मिटू लागतात आणि त्याची गणना आळशांत होते. काही मुले भांडखोर होतात, काही घुमी होतात. काही याच्या अगदी उलट असतात. ती वर्गात पहिली येतात, कधी चुकत नाहीत, धाकट्यांच्या वेण्या घालतात, भात शिजवितात, आईची समजूत घालतात. सारे त्यांना समंजस म्हणून वाखाणतात. दहा वर्षांच्या मुलीचा हा समंजसपणा कोठून आला, याचा विचार मात्र वाखाणणाऱ्याने अवश्य करावा.

कॅनडातील टोरांटो येथे मार्गारेट कॉर्क या समाजसेविकेने मद्यासक्त आईबापांच्या ११५ मुलांशी बोलून १९६९ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावाचा अर्थ 'विसरलेली मुले' असा होतो. आपल्याला सर्वांत अधिक काय खुपते, असे त्या मुलांना विचारले असता, त्यांनी पिण्यापेक्षा घरातील भांडणांचा आणि आपल्याकडे कोणाचेच लक्ष नसल्याचाच पाढा अधिक वाचला. पिणाऱ्याचे लक्ष मद्याकडे असते. न पिणाऱ्याचे लक्ष पिणाऱ्याकडे असते. मुलाकडे पाहावयास उरतो कोण?

या एकाकीपणात मूल आपल्यापुरते एक गणित मांडते. आपण अभ्यास नीट केला असता, ताट हातून पडले नसते, उलट उत्तर दिले नसते, तर बाबा प्याले नसते. आपण पुरेसे चांगले झालो तर ते थांबतील. हे गणित चुकीचे आहे आणि ते का चुकीचे आहे हे समजण्यासाठी मद्य शरीरात काय करते ते थोडक्यात पाहिले पाहिजे.

मद्य वारंवार घेतल्याने मेंदूच्या व्यापारात पालट होतो. प्रारंभी थोड्याशा मद्याने जो परिणाम होई, त्यासाठी पुढे अधिकाधिक मद्य लागते. मग अशी अवस्था येते की ते न मिळाल्यास हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना झटके येतात वा भास होतात. या अवस्थेत मनुष्य मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो, ती त्या क्षणी बहुधा खरीच असते, आणि दुसऱ्या संध्याकाळी मोडतेही. मुलाला वाटते, आपल्यावर माया असती तर शपथ मोडली नसती. परंतु न्यूमोनिया झालेल्या मनुष्याने खोकला थांबविण्याची शपथ घेतली, तर ती पाळणे जसे केवळ मायेवर अवलंबून नाही, तसेच काहीसे येथेही असते. अमेरिकेतील वैद्यकांच्या प्रमुख संघटनेने १९५६ साली मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. आज सर्वत्र वैद्यक तिच्याकडे उपचारसाध्य आजार म्हणूनच पाहतात. आजार आहे म्हणून मारहाण क्षम्य ठरते, असा याचा अर्थ नव्हे. आजारी मनुष्याने उपचार घेणे हे त्याचे कर्तव्य असते, आणि त्याच्या हातून इतरांना इजा होत असेल तर ती रोखणे हे समाजाचे.

कित्येक मुले बाटली मोरीत ओतून देतात किंवा तीत पाणी भरून ठेवतात. त्यामागील कळवळा कोणाच्याही लक्षात येईल. परंतु त्याने व्यसन सुटत नाही, मुलावर राग मात्र ओढवतो. शिवाय पुष्कळ वर्षे पिणाऱ्याचे मद्य एकाएकी तुटणे कधी कधी जिवावरही बेतते, म्हणून ते वैद्यकाच्या देखरेखीखाली सोडवावे लागते. जे काम शिकल्यासवरल्या डॉक्टरांनाही कष्टाने साधते, ते आपल्याला साधले नाही म्हणून मुलाने स्वतःस दोष देण्याचे काही कारण नाही.

भारतात अशी घरे थोडीथोडकी नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत देशात मद्य घेणारे सुमारे १६ कोटी लोक असून त्यांपैकी सुमारे ५.७ कोटींना उपचारांची आवश्यकता असल्याचे आढळले. त्या पाहणीत मोजणी झाली ती पिणाऱ्यांची. अशा प्रत्येक मनुष्यामागे घर असते हे ध्यानात घेतले, म्हणजे पन्नास-साठ मुलांच्या कोणत्याही वर्गात यांतले कोणी बसले असण्याचा संभव किती मोठा आहे, हे कळून येईल.

व्यसन घराण्यात उतरते काय, ही भीती अशा मुलांच्या मनात पुष्कळदा असते. बेथोव्हेनची आजी, बाप अशी परंपरा पाहिली की ती निराधार वाटत नाही. या मुलांना धोका इतरांहून अधिक असतो हे खरे, आणि त्याचा काही भाग रक्तातूनही येतो. परंतु अधिक धोका म्हणजे ठरलेले भवितव्य नव्हे. हवाई बेटांपैकी कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सुमारे ७०० मुलांचा एमी वर्नर या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे मागोवा घेतला. त्यांत ४९ मुले मद्यासक्त आईबापांची होती. अठराव्या वर्षी पाहता त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक मुलांत कोणताही गंभीर बिघाड आढळला नाही. त्या बेटावर संकटांतूनही नीट वाढलेल्या मुलांच्या आयुष्यात बहुधा एक गोष्ट सारखी होती. आई, आजी, शेजारीण, शिक्षक, कोणीतरी एक वडील माणूस त्यांच्याकडे मायेने पाहणारे होते.

लुडविगलाही असे घर लाभले होते. बॉनमधील फॉन ब्रॉयनिंग कुटुंबातील मुलांना तो शिकवावयास जाई. त्या घरची आई, हेलेना, ही विधवा होती; तिला स्वतःची चार मुले होती. तिने या गबाळ्या, तापट मुलास आपल्या मुलांत सामावून घेतले. दिवसचे दिवस, कधी रात्रीही, तो तेथे राहत असे. पुस्तके तेथे वाचली जात, जेवणे वेळेवर होत आणि जिन्यावर पावले वाजली तरी कोणी दचकत नसे. त्याच्या रागाची लहर आली की हेलेना ती ओळखी आणि काही काळ त्याला एकटे सोडी. तिने योहानास सुधारले नाही; ते तिच्या हातचे नव्हतेच. बापास शिपायाच्या हातून सोडविताना लुडविगला ज्याने पाहिले, तो मित्र याच घरातील तिचा मुलगा स्टीफन. त्याने पाहिले आणि तरी मैत्री तोडली नाही. हे दोघे पुढे व्हिएन्नातही भांडत, पुन्हा जवळ येत, आणि १८२७ साली बेथोव्हेनच्या अखेरच्या आजारात स्टीफन त्याच्यापाशी होता.

आज असे दार शोधणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. १९८० नंतरच्या दशकात गर्द नावाच्या मादक द्रव्याने मुंबई-पुण्यातील तरुणांना घेरले, तेव्हा त्याविषयी अनिल अवचट यांनी लिहिले आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुणे येथे 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्यास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे मोठे साहाय्य झाले. अशा केंद्रांत पिणाऱ्याबरोबर त्याच्या घरच्या माणसांशीही बोलले जाते, कारण तीही त्या आजाराने पोळलेली असतात. व्यसनाविषयी सल्ला मिळावा म्हणून १४४४६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो १९९६ साली मुंबईत सुरू झाला. त्यास पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही तो लागतो, आणि मूल स्वतः तो फिरवू शकते. घरात मारहाण चालू असेल तर मध्ये न पडता शेजारच्या घरी निघून जाणे, प्यालेल्या माणसाच्या वाहनावर मागे न बसणे, आणि मामा, आत्या, वर्गशिक्षिका यांपैकी एका विश्वासाच्या माणसास खरे ते सांगणे, एवढे कोणत्याही मुलास करता येते. पहिल्या माणसाने ऐकून घेतले नाही, तर दुसऱ्यास सांगावे लागते. असे सांगण्यात घराशी बेइमानी होत नाही. वडिलांना ताप चढला असता डॉक्टरांना बोलावणाऱ्या मुलास कोणी चहाडखोर म्हणत नाही.

अमेरिकेत मद्यासक्तांनी एकमेकांस सावरण्यासाठी १९३५ साली एक संघ काढला होता. पुढे १९५१ साली त्यांच्या घरच्या माणसांचा निराळा संघ निघाला. त्यातही मोठीच माणसे बोलत. १९५७ साली कॅलिफोर्नियातील एका सतरा वर्षांच्या मुलाने आपल्यासारखी काही मुले जमविली, आणि मुलांच्या वेगळ्या बैठका सुरू झाल्या. त्यांचे लोण लवकरच अनेक देशांत पसरले. या बैठकांत येणारा मुलगा वा मुलगी फक्त आपले पहिले नाव सांगते. आडनाव कोणी विचारीत नाही. ज्याला बोलावयाचे नसेल त्याने नुसते ऐकावे, आणि तेथे ऐकलेले बाहेर कोणी सांगावयाचे नसते. पहिल्या दिवशी बहुतेक मुले काहीच बोलत नाहीत. दुसऱ्या कोणाच्या तोंडून आपल्याच घरची हकीकत ऐकून ती चकित होतात.